निर्मात्याचे प्रतिरूप



देवाने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले (उत्पत्ती १:२७). म्हणजे नवनिर्मितीचे दान आपणा प्रत्येकाला मिळाले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. परक्या भाषेत त्यांना प्रभूसाठी शब्द सापडले. आपण मात्र मायबोलीतली जपमाळ नुसत्या ओठांनी म्हणतो आणि रुसलेल्या भावाशी बोलायला आपल्याला शब्द सापडत नाहीत!

आज जपमाळेनंतर घरातील प्रत्येकाने एक प्रार्थना स्वतःच्या शब्दांत करू या. मुलांचे चुकले तरी हसू नये. मग अबोला धरलेल्या एका घरी आपण होऊन जाऊ या. तिथले शब्द पवित्र आत्मा सुचवील.