ताप कुणाचा?

न्यूमोनिया म्हटला की ताप, खोकला, पिवळट बेडका आणि एक्स-रेवरचा पांढरा डाग हे सगळं आपण रोगजंतूच्या नावावर मांडून मोकळे होतो. हा हिशेब चुकीचा आहे. ताप चढवतो आपलाच मेंदू, तोही पांढऱ्या पेशींकडून निरोप आल्यावर. बेडक्यातला पू म्हणजे लढून मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा गाळ. एक्स-रेवरचा डाग उमटतो तो वायुकोशांत जमलेल्या पेशींमुळे आणि पाण्यामुळे. जंतूचा स्वतःचा वाटा त्यात नगण्य. म्हणजे घरचे आणि डॉक्टर ज्याला आजार म्हणून ओळखतात, तो बराचसा शरीराचा प्रतिकार असतो.

मग प्रतिकार करणाऱ्या पेशीच नसतील तर आजार दिसेल कसा?

ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी घ्या. कुजणारा पालापाचोळा हे तिचं घर. तिचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे, त्यामुळे नाकाला आणि श्वासनळीला चुकवून ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. असे शेकडो बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. एखादा बीजाणू तरीही उगवलाच, तर त्याचे लांब तंतू गिळणं त्या पेशींना जमत नाही. तिथे न्यूट्रोफिल धावून येतात आणि तंतू जाळून टाकतात. तापाने ही बुरशी मरेल अशी आशा नको, कंपोस्टच्या ढिगातल्या ५० अंशांच्या उष्णतेतही ती तग धरते.

आता रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण पाहू. केमोनंतर ‘काउंट खाली गेलेत’ असं वॉर्डात म्हणतात, तेव्हा न्यूट्रोफिल घनमिलिमीटरला ५०० च्याही खाली आलेले असतात. निरोगी माणसात ते हजारांत मोजतात. ही स्थिती १० दिवसांहून लांबली की धोका वाढतो. तंतू रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत घुसतात, रक्त गोठतं आणि पुढचा फुप्फुसाचा तुकडा मरतो. एवढं होऊनही बाहेर फारसं काही दिसत नाही. बेडका नसतो, कारण पू करायला पेशी नाहीत. साधा एक्स-रे कित्येकदा स्वच्छ येतो. बहुतेकदा अँटिबायोटिकला न जुमानणारा ताप तेवढा असतो, आणि स्टिरॉइड चालू असतील तर तोही दबतो. केमोच्या रुग्णाला ‘ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, आधी फोन करा’ असं बजावतात ते याचसाठी. घरच्यांना ही सूचना उगाच कडक वाटते. माझ्या मते ती पुरेशी कडक शब्दांत दिलीच जात नाही.

शरीर बोलत नसेल तर बुरशीच्याच खुणा शोधाव्या लागतात. रक्तात किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन हा तिच्या भिंतीचा अंश सापडतो. सीटी स्कॅनवर गाठीभोवती धूसर वलय दिसतं. ते मेलेल्या तुकड्याभोवतालच्या रक्तस्रावाचं. हे वलय काही दिवसांतच विरतं, म्हणून सीटी लवकर काढायचा. औषधही खात्रीची वाट न पाहता सुरू करतात. व्होरिकोनाझोलची जुन्या ॲम्फोटेरिसिनशी तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनंतर पहिल्या गटातले ७१ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ५८ टक्के.

खरी गंमत पुढे आहे. काउंट वर येतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमका तेव्हाच रुग्ण खोकू लागतो. कधी थुंकीतून रक्त पडतं. औषध लागू पडत असूनही सीटीवर गाठी पहिल्या आठवड्यात मोठ्या झालेल्या असतात, पुढे गाठीत चंद्रकोरीसारखी हवेची फट दिसते. परतलेले न्यूट्रोफिल मेलेला भाग जिवंत भागापासून सोडवत असतात. फट हे सुधारणेचं लक्षण, पण शेजारची रक्तवाहिनी फुटली तर तीच जीव घेऊ शकते. आजार बोलू लागला तो बरा होताना.

न्यूमोसिस्टिस या दुसऱ्या बुरशीने हाच मुद्दा उलट बाजूने पटवला आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हा न्यूमोनिया झाल्याची नोंद आली. एड्सची ती पहिली छापील खूण. एचआयव्हीच्या रुग्णात ही बुरशी छातीत मुबलक असते, तरी दम आठवडे-आठवडे हळूहळू वाढत जातो. अवयवरोपण किंवा कर्करोगाच्या रुग्णात बुरशी कमी सापडते, पण दाह जास्त असतो. काही दिवसांत प्रकृती ढासळते आणि मृत्यूही अधिक होतात.

२०२१ च्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रात स्टिरॉइडची धास्ती घरोघरी पोचवली. ती धास्ती खोटी नव्हती, अर्धी होती. न्यूमोसिस्टिसवर कोट्रायमोक्साझोल सुरू केलं की मेलेल्या बुरशीच्या तुकड्यांवर शरीर तुटून पडतं आणि पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजन आणखी घसरतो. म्हणून एचआयव्हीच्या ज्या रुग्णांचा ऑक्सिजन आधीच कमी आहे, त्यांना १९९० पासून औषधासोबत तीन आठवडे, मात्रा उतरवत, स्टिरॉइडच देतात. एचआयव्ही नसलेल्यांत हा फायदा तितका स्पष्ट नाही. त्यातले कित्येक मुळात स्टिरॉइड घेता घेताच या आजारापर्यंत आलेले असतात.