पेढी उठते तेव्हां

व्यापारी संस्थेनें तोट्याची शाखा बंद केली तर तिनें अधर्म केला असें कोणी म्हणणार नाहीं. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राखणें हेंच बँकेचें पहिलें कर्तव्य होय. तरीही शाखा बंद करणें हा केवळ जमाखर्चाचा प्रश्न आहे काय, याचा विचार करणें अवश्य आहे.

आपल्या भाषेंत 'पत' या एकाच शब्दानें माणसाची अब्रू आणि कर्ज मिळविण्याची त्याची योग्यता या दोहोंचा बोध होतो. नवा धंदा काढणाऱ्याजवळ तारण थोडें असतें आणि हिशेबाच्या वह्या कोऱ्या असतात. त्याची पत त्याला ओळखणाऱ्याच्या मनांत असते. शाखा उठली म्हणजे खातीं दुसरीकडे जातात. ही ओळख मात्र जात नाहीं.

याला पुरावा आहे. २००० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मोठ्या बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि जवळजवळ असलेल्या शाखांपैकीं कांहीं बंद झाल्या. अर्थशास्त्रज्ञ न्गुयेन यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अशा वस्तींत लहान धंद्यांना मिळणारें सुमारें ४७ लक्ष डॉलरांचें वार्षिक कर्ज साडेचार लक्षांनीं, म्हणजे जवळजवळ एकदशांशानें, घटलें. ही तूट सहा वर्षांपर्यंत टिकली. सहा मैलांपलीकडे मात्र ती उरली नाहीं. घरांसाठीं मिळणाऱ्या कर्जावरील परिणाम तात्पुरताच ठरला. घराची किंमत परक्यालाही करतां येते. होतकरू माणसाची पारख त्याला सहजीं होत नाहीं.

खरी नैतिक अडचण येथें आहे. चालू दुकानदार तक्रार करील, दूरच्या शाखेंत खेटे घालील. पण जो कारखाना निघालाच नाहीं त्याची फिर्याद कोणीं द्यावी? नफातोट्याच्या पत्रकांत त्याला रकाना नसतो. म्हणून त्याच्याविषयीं आपलें कांहीं कर्तव्यच नाहीं, असें समजणें सोयीचें असलें तरी न्यायाचें नाहीं.

भारतांत रिझर्व्ह बँकेनें १९७७ ते १९९० पर्यंत असा नियम ठेवला होता कीं, शाखा असलेल्या ठिकाणीं नवी एक काढावयाची तर बँक नसलेल्या ठिकाणीं चार काढाव्यात. त्यामुळें बँक खेडोपाडीं पोहोंचली. पुष्कळ कर्जें बुडालींही. तेव्हां शाखा कधींच बंद करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या गांवच्या ठेवींवर बँक वाढली, त्या गांवाचें ती कांहीं देणें लागते. निघून जातांना तेथील माणसें ओळखणारा एखादा अधिकारी त्या भागासाठीं राखावा आणि लहान कर्जांचा निर्णय त्याच्या हातीं द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरूं नये.