पायाखालचे चेहरे

पॅरिसच्या पँथिऑनमध्ये व्होल्तेर, रूसो, व्हिक्टर ह्यूगो अशी फ्रान्सची थोर माणसं चिरविश्रांती घेत आहेत. २०१४ मध्ये तिथल्या घुमटाची दुरुस्ती चालू होती. अशा कामाच्या परांचीवर जाहिरातीचं भलंमोठं कापड टांगून पैसे उभे करण्याची तिकडे रीत आहे. इथे मात्र जेआर या कलावंताला बोलावण्यात आलं आणि त्यानं सर्वसामान्य लोकांकडे त्यांचे चेहरे मागितले. चार हजारांवर लोकांनी ते दिले. कुणी आपला फोटो पाठवला, तर कुणी फिरत्या फोटोगाडीत जाऊन बसलं. हसरे, गंभीर, मुद्दाम वेडीवाकडी तोंडं केलेले असे ते सगळे कृष्णधवल चेहरे घुमटाच्या आत-बाहेर लागले. दालनातल्या फरशीवरही चिकटवले गेले. बघायला येणारे त्यांच्यावरून चालत.

आपल्याला हे वाचतानाच कसंतरी होतं. वहीला पाय लागला तरी हात कपाळाला नेणारी माणसं आपण.

पण पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहेच की. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, म्हणून त्यांनी ती जागा स्वतः मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. आणि गंमत बघा, एवढी स्पष्ट परवानगी असूनही वारकरी त्या पायरीवर पाय देत नाही, माथा टेकतो. परवानगी मिळाली म्हणजे ती वापरलीच पाहिजे असं नसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

जेआरचा ‘इनसाइड आउट’ हा उपक्रम २०११ पासून जगभर चालला आहे. लोकांनी फोटो पाठवायचे, त्यांची मोठी पोस्टरं छापून परत यायची आणि ती आपल्या वस्तीत आपणच खळ लावून चिकटवायची. त्यावर कंपनीचं बोधचिन्ह नको, हा एक नियम. मला ही पद्धत आवडते, कारण तिच्यात पोझ माणसाच्या हातात राहते. गरिबाचा फोटो दुसऱ्यानं काढला की बहुतेक वेळा त्यात खिन्नताच शोधली जाते. तोच माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की केस विंचरतो, कॉलर नीट करतो, नाहीतर सरळ जीभ दाखवतो. आपण कसं दिसायचं हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

मात्र कसं दिसायचं हे ठरवलं म्हणजे कुठे दिसायचं हेही ठरलं, असं होत नाही. सामूहिक कलाकृती उभी करणाऱ्यांची गल्लत होते ती नेमकी इथे. चेहरा देणारा हौसेनं देतो. तो भिंतीवर लागेल की जमिनीवर, शेजारी कोण असेल, हजार चेहरे मिळून एखाद्या नेत्याचं चित्र होणार असेल तर आपण त्यातला एक काळा ठिपकाच उरू का, हे त्याला आधी कुणी सांगत नाही. (आपल्या फ्लेक्सवर खालच्या रांगेतले ‘शुभेच्छुक’ निदान नावानिशी तरी असतात.)

बघणाऱ्याचाही हक्क असतो. २०११ मध्येच ट्युनिशियात हुकूमशहा बेन अली पळून गेल्यावर, जिथे त्याच्या तसबिरी असत तिथे ‘इनसाइड आउट’ उपक्रमातच साध्या नागरिकांचे चेहरे लावले गेले. हेतू चांगलाच होता, तरी काही ठिकाणी लोकांनी ते फाडून टाकले. मला त्यांचा राग येत नाही. वर्षानुवर्षं भिंतीवरून एकच चेहरा आपल्यावर नजर ठेवून असेल, तर कोरी भिंत हवीशी वाटणारच.

आता तर शाळा, सोसायट्या, मंडळं सगळीच सदस्यांकडून सेल्फी मागवून भित्तिचित्र करतात. अर्जावर नाव, मोबाइल नंबर आणि ‘माझी हरकत नाही’ एवढंच असतं. कुठे लावणार, किती दिवस ठेवणार, छापण्याआधी दाखवणार का, या ओळी सहसा नसतात. लहान मुलांच्या बाबतीत तर पालकांच्या ग्रुपवरचा अंगठा हीच संमती! खळीनं चिकटवलेला कागद एका पावसाळ्यात निघून जातो. फाइल मात्र कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहते आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर उगवते. डिजिटल व्यक्तिगत माहितीसंबंधी २०२३ चा आपला कायदा सांगतो, की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ‘माझा फोटो काढून टाका’ असं सांगायला कुणाला फोन करायचा, तेवढा एक नंबर तरी त्या अर्जाच्या तळाशी छापता येईल.