सदसद्विवेकाचा खटका

चूक दिसली की थांबावं, की दामटून पुढं जावं? लिनक्सवाल्यांनी हा सनातन प्रश्न एका आकड्यात बसवलाय. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. स्वतःच्याच कारभारात घोटाळा दिसला की तो 'ऊप्स' म्हणतो. 'पॅनिक-ऑन-ऊप्स'पुढे 0 असेल, तर जमेल तोवर रेटतो. 1 असेल, तर जागीच प्राण सोडतो. खोटं लिहिण्यापेक्षा मेलेलं बरं! 'केडम्प' लावलेला असला तर स्मृतीची नक्कल मागे ठेवतो. कारण शोधणाऱ्यांची सोय. व्हर्च्युअल सर्व्हरवर तो भाडेकरूच; तो गेला तरी शेजारची बिऱ्हाडं सहसा सुखरूप.

आम्हा बँकवाल्यांचं मत 1 ला. रोकड जुळेपर्यंत दिवस मिटत नाही. पण रांगेतले आजोबा विचारतात, "तुमचा प्रामाणिकपणा झाला हो, माझ्या औषधांच्या पैशांचं काय?" त्यांचं मत 0 ला. आणि खटक्यावर हात तिसऱ्याचाच!