एलीचे घर व राजाचे घर
(मननासाठी: १ शमुवेल, अध्याय २, ३ व ८)



मोठ्या घरची लाज उघडी पडली म्हणजे ती वार्ता वाऱ्याच्या पुढे धावते. इंग्लंडचा राजा तिसरा चार्ल्स ह्याच्या धाकट्या भावाविषयी, म्हणजे अँड्रयूविषयी, अनेक वर्षे लोकनिंदा चालली होती. एका दुराचारी धनवानाशी त्याचे सख्य होते, व त्यावरून त्याच्यावर गंभीर आरोप झाले. ते त्याने नाकारले. तथापि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी राजवाड्यातून असे जाहीर झाले की, राजपुत्र ही त्याची पदवी व सर्व मानमरातब काढून घेतले जात आहेत, व राहता वाडाही त्याने सोडावयाचा आहे. त्याच पत्रकात, ज्यांच्यावर अत्याचार होतात त्यांच्याविषयी राजा व राणी ह्यांनी सहानुभूती प्रकट केली.

ही वार्ता नांदेडच्या मोंढ्यात व लातूरच्या आडत बाजारातही पोहोचली. चहाच्या दुकानी कोणी हसून म्हणाला, मोठ्यांचे असेच असावयाचे. दुसरा म्हणाला, राजाने सख्ख्या भावाला असे उघड्यावर टाकावयास नको होते. हे दोन्ही बोल आम्ही ऐकले व मनात विचार आला की, पवित्र शास्त्र ह्या दोहोंपैकी एकही बोलत नाही. ते काय बोलते हे आज पाहू.

शिलो येथे एली नावाचा वृद्ध याजक होता. तो स्वतः दुष्ट नव्हता. परंतु हफनी व फिनहास हे त्याचे दोन पुत्र लोकांनी अर्पणासाठी आणिलेले मांस दांडगाईने घेत, आणि निवासमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांना भ्रष्ट करीत. एलीच्या कानी सर्व आले. त्याने मुलांना बोलाविले, समजाविले, आणि तेथेच थांबला. त्यांना त्या पदावरून त्याने दूर केले नाही. म्हणून देवाचा न्याय केवळ पुत्रांवर आला नाही. तो त्या घरावर आला.

आता आपल्याच भाषेच्या एका राजघराण्याकडे वळू. बडोद्याचे गायकवाड हे मराठी घराणे. खंडेराव महाराज गादीवर असता त्यांचा भाऊ मल्हारराव ह्याच्यावर आरोप आला की, तो राजाच्या जिवावर उठला आहे. त्यास पाद्रा येथे बंदीत ठेविले. तेथे त्याची कित्येक वर्षे गेली. मग १८७० साली खंडेराव वारले, त्यांना पुत्र नव्हता, आणि बंदिवान भाऊ एकाएकी गादीचा धनी झाला.

वाचकहो, बंदीखान्यातून राजवाड्यात गेलेला आणखी एक पुरुष तुम्हास ठाऊक आहे. योसेफ मिसर देशाच्या बंदीखान्यात देवाला धरून राहिला, आणि बाहेर आला तो भुकेल्यांसाठी कोठारे भरावयास. मल्हारराव बाहेर आला तो जुना हिशेब चुकता करावयास. दुःख मनुष्यास आपोआप शहाणे करीत नाही. एकाच उन्हाने मेण वितळते व चिखल कठीण होतो.

त्याच्या राज्यात काय झाले ते थोडक्यात सांगतो. रयतेवर साऱ्याचे ओझे वाढले, सावकार व जुने सेवक नाडले गेले, आणि स्त्रियांना जबरीने वाड्यातील सेवेस नेल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच काळी राजाने सोन्याच्या तोफा ओतविल्या. अरण्यात इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू ओतले, बडोद्यात तोफ ओतली. दोन्ही ठिकाणी सोने गरिबांच्या अंगावरून उतरले. १८७३ साली इंग्रज सरकारने चौकशी मंडळ नेमिले. पुढे दादाभाई नौरोजी ह्यांच्यासारखा सचोटीचा पुरुष दिवाण म्हणून आला, परंतु थोड्याच काळात त्यांनी ते काम सोडले. उत्तम मंत्री दाराशी येतो, पण ऐकणारा कान घरात नसला तर तो काय करील?

नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर ह्यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली व सहा जणांच्या मंडळापुढे खटला चालला. तीन इंग्रज सभासदांनी त्यांस दोषी मानिले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव ह्या तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मते समसमान पडली. तेव्हा विषाच्या आरोपावरून नव्हे, तर दुर्वर्तन व राज्याची दुर्दशा ह्या कारणांवरून सरकारने त्यांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत करून मद्रासला पाठविले. तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला.

विष कोणी घातले ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. सहा जाणत्यांचे जेथे एकमत झाले नाही, तेथे आम्ही कोण? शिवाय परक्या सत्तेचा स्वार्थ ह्या प्रकरणात नव्हताच असेही कोणी म्हणू नये. परंतु एक गोष्ट त्या मतभेदाच्या बाहेर आहे. रयतेचे रडणे खरे होते. सरबतातील चिमूटभर विषासाठी साऱ्या हिंदुस्थानचे कान टवकारले. परंतु खेड्यांतून जे विष वर्षानुवर्षे गोरगरिबांच्या ताटात पडत होते, त्याची दखल किती उशिरा घेतली गेली! बंधूंनो, देवाचा कान तसा नाही. हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडले, ते त्याने ऐकले.

ह्यापुढील कथा खेड्यातील लोकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. गादी रिकामी झाली. खंडेरावांची विधवा जमनाबाई ह्यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी गायकवाडांची एक शाखा शेती करून राही. तेथील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्यास आणिला, आणि २७ मे १८७५ रोजी तो दत्तक झाला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांनीच दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले. ज्यांना शाळेत दाराबाहेर बसविले जाई, त्यांच्यापैकी एकासाठी समुद्रापलीकडील विद्यापीठाचे दार उघडले. आणि त्या एकाने पुढे किती दारे उघडली हे आपल्या वस्त्यांत कोणास सांगावयास नको.

शिलोत हेच घडले नव्हते काय? एलीचे घर खचत असता त्याच मंदिरात एका खेड्यातील बालक दिवा जपत होता. हन्ना आपल्या हाताने त्याला दरवर्षी लहानसा अंगरखा शिवून आणी. देवाने मोठ्या घराला सोडून त्या बालकाला हाक मारिली. शमुवेलास पहाटेपर्यंत ती गोष्ट एलीला सांगण्याचे भय वाटले, तरी सकाळी त्याने काहीएक लपविले नाही.

येथेच थांबलो असतो तर उपदेश गोड झाला असता. परंतु शास्त्र थांबत नाही. आठव्या अध्यायात शमुवेल म्हातारा झाला आहे, आणि त्याचे स्वतःचे पुत्र योएल व अबीया लाच घेऊन न्याय फिरवीत आहेत. ज्याने एलीच्या घराचा न्याय सांगितला, त्याच्याच घरात तो रोग शिरला! सयाजीरावांचेही तसेच. साऱ्या राज्याची मुले शिकविणाऱ्या त्या पित्याचे तीन पुत्र त्याच्या हयातीतच तरुणपणी गेले: फत्तेसिंगराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली व जयसिंगराव १९२३ साली. मद्याने त्या घरात काय केले हे त्यांच्या चरित्रकारांनी लपविलेले नाही. वडिलांनी जग दाखविले, मोठ्या शाळा दाखविल्या; तरी प्याला हातातून सुटला नाही. दावीद राजा अबशालोमासाठी वेशीवरील माडीत रडला, तसा कित्येक बाप आजही राजवाड्यात व झोपडीत रडतो आहे.

ह्यावरून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट ही की, भेग झाकू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट औसा, निलंगा व उमरगा भागातील लोक विसरले नाहीत. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. भिंत जितकी भारी व माळवद जितके जड, तितका घात अधिक. मंडळीतही मोठे नाव हे जड माळवदच आहे. खालची भेग शेणामातीने सारविली तर दिसत नाही इतकेच. हादरा बसला म्हणजे आत निजलेली लेकरेबाळे आधी मरतात.

दुसरी गोष्ट, ज्याला दुखापत झाली त्याचे आधी ऐकावे. एलीने पुत्रांशी बोलणे केले. परंतु दाराशी सेवा करणाऱ्या त्या स्त्रियांशी तो एक शब्द बोलला असे कोठे लिहिलेले नाही. आमच्याही मंडळ्यांत पंच बसतात तेव्हा पुढाऱ्याच्या नावाचे काय होईल हा विचार आधी, व रडत आलेल्या बाईचे काय होईल हा विचार मागाहून येतो. हा क्रम उलटा केला पाहिजे.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या पडण्यावर हसू नये. हाम आपल्या बापाची लाज पाहून बाहेर सांगावयास गेला, व त्याच्या पुत्रावर शाप आला. शेम व याफेथ पाठमोरे चालत गेले व त्यांनी वस्त्र घातले. कोणी विचारील की, पहिली गोष्ट झाकू नये म्हणते व ही वस्त्र घालावयास सांगते, हे कसे? तर नोहाने स्वतःची शोभा घालविली होती, दुसऱ्या कोणास इजा केली नव्हती. ज्या पापात दुसऱ्याचे रक्त वा अब्रू गेली, ते झाकणे म्हणजे त्या पापाचा भागीदार होणे. ज्याची केवळ स्वतःचीच लाज झाली, त्याच्यावर प्रीतीने वस्त्र घालावे.

चौथी गोष्ट, पाप्याला न्यायाच्या हाती द्यावे, पण टाकून देऊ नये. लातूर जिल्ह्यातील एका खेड्याची गोष्ट आम्हास ठाऊक आहे. गावाचे व माणसांचे नाव लिहीत नाही. तेथील उपदेशकाचा मुलगा दारू पिऊन बायकोला मारी. एकदा तिचा हात मोडला. वडील मंडळी म्हणाली, कापणीचा सण जवळ आला आहे, पाहुणे यावयाचे आहेत, तोवर गप्प राहावे. त्या रविवारी उपदेशक व्यासपीठावर चढलाच नाही. खाली लोकांमध्ये उभा राहून तो म्हणाला, "माझ्या घरात एली आहे, तो मीच. आज मी उपदेश करीत नाही." दुसऱ्या दिवशी सुनेस घेऊन तो स्वतः पोलीस ठाण्यात गेला, आणि तेथून तिला सुखरूप माहेरी पोहोचवून आला. मुलास शिक्षा झाली. कित्येकांनी बापाला निर्दय म्हटले. परंतु शिक्षा भोगून होईपर्यंत दर भेटीच्या दिवशी जो म्हातारा पहाटेची मोटार धरून तुरुंगाच्या दाराशी जाऊन बसे, तो हाच होय. मुलगा अद्याप पुरता सुधारलेला नाही. सून मात्र जिवंत आहे, शिवणकाम करून पोट भरते. आणि सासऱ्याला अजून बाबा म्हणते.

प्रिय उपदेशकांनो, तुमच्या घरातही कोणी असेल. भाऊ असेल, पुत्र असेल, जावई असेल. त्याच्यामुळे तुमची मान खाली जाते हे आम्ही जाणतो. परंतु घराची लाज त्या पाप्याच्या नावाने वाढत नाही. आपण सत्याशी कसे वागलो त्यावर ती वाढते किंवा धुतली जाते. राजाने भावाची पदवी काढून घेतली. पदवी काढून घेता येते, भाऊपण काढून घेता येत नाही. आपला प्रभूही ज्याने त्याला धरून दिले त्याला अखेरच्या घटकेपर्यंत मित्र म्हणाला, आणि तरी त्याचे पाप पुण्य आहे असे म्हणाला नाही.

आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराच्या भिंतीवरून हात फिरवून पाहावा. भेग सापडली तर सारवू नये. ज्याच्या अंगावर ती भिंत पडणार आहे, त्याला आधी बाहेर काढावे. मग गुडघे टेकून, ज्याने भिंत पोखरली त्याच्यासाठी रडावे. एलीच्या घरातही देवाचा दिवा अद्याप विझलेला नव्हता. तो आपल्याही घरात विझू नये, अशी आम्ही प्रभूजवळ विनंती करितो. आमेन.