राबाची राख

मे महिन्यात वेल्ह्याच्या किंवा भोरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवरून जाताना भातखाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसतात. रोप टाकण्यासाठी तिथे राब भाजलेला असतो: शेण, टहाळ, पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर आणि आग. तणाचं बी जळतं, राख उरते. त्या राखेत पोटॅशियम असतं. पोटॅशियम हा खरं तर सुरीने कापता येईल इतका मऊ, चकचकीत धातू. पण राखेत त्याचा एक कणही धातूच्या रूपात सापडायचा नाही. तोरणा किल्ल्याच्या दुरुस्तीत धन सापडल्याचं परंपरा सांगते. पुरलेलं सोनं शेकडो वर्षांनीही सोनंच निघतं. पोटॅशियम उघड्यावर एक रात्रसुद्धा तसं टिकत नाही. का, हा प्रश्न धरून बसलं की आवर्तसारणीतला एक अख्खा गण उलगडतो.

दहावीच्या पुस्तकात त्या गणाला ‘अल्क धातू’ म्हणतात. हा शब्द अल्कलीचा, आणि अल्कली अरबी ‘अल्-कली’तून आलेला, त्याचा अर्थ वनस्पतीची राख. गणाच्या नावातच राख आहे, हे मला फार आवडतं. राखेने भांडी घासताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो, तो या अल्काचा. १८०७ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम मोकळं केलं, आणि काही दिवसांतच सोडियमही.

हे धातू पाण्यात टाकले तर लिथियम नुसतं फसफसत राहतं. सोडियम वितळून त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा धावते. पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतं. सीझियमचा स्फोटच होतो. गणात खाली उतरावं तसा तापटपणा वाढत जातो.

प्रत्येकाच्या शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, आणि तो सोडून देण्याची घाई हाच यांचा स्वभाव. पण खाली जाताना केंद्रकातला धनभारही वाढतो. मग पकड घट्ट व्हायला नको? इथे जरा हिशेब करावा लागतो. सोडियमच्या केंद्रकात ११ धनभार, पण आतल्या कवचांतले १० इलेक्ट्रॉन त्यांची ओढ अडवतात. बाहेरच्याला जाणवतो ढोबळमानाने १. पोटॅशियममध्ये १९ मधून १८ वजा, पुन्हा १. ओढणारं बळ जवळपास तेवढंच, वाढतं ते फक्त अंतर. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून दिलेली हाक पद्मावती माचीवर पोचेल. संजीवनी माचीच्या टोकावरच्या पहारेकऱ्याला ती कशी ऐकू जावी? पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन त्या टोकावर उभा असतो. सीझियमचा त्याहून लांब.

हाच हिशेब सारणीच्या दुसऱ्या टोकाला, सतराव्या गणात लावून पाहावा. फ्लोरीनमध्ये ९ मधून २ वजा, क्लोरीनमध्ये १७ मधून १०, दोन्हीकडे ७. ही मंडळी इलेक्ट्रॉन देणारी नव्हेत, ओढणारी. त्यामुळे अंतर वाढलं की त्यांचा जोर कमी होतो, आणि क्रम उलटा लागतो. सगळ्यात वरचं फ्लोरीन पाण्यालाच फोडून त्यातला ऑक्सिजन बाहेर काढतं. त्याखालचं क्लोरीन आपण टीसीएल पावडरच्या रूपाने गावच्या विहिरीत मोजून टाकतो. जंतू मरतात ते इलेक्ट्रॉनच्या या ओढीनेच. आणखी खालचं आयोडीन इतकं सौम्य, की त्याचं टिंक्चर जखमेवर लावता येतं. एका गणात खाली जाताना जोर वाढतो, दुसऱ्यात घटतो. मुलं हे दोन वेगळे नियम म्हणून पाठ करतात, तेव्हा वाईट वाटतं. कारण तर एकच आहे.

राबातल्या पोटॅशियमने आपला तो इलेक्ट्रॉन झाडात शिरण्याच्या कितीतरी आधी देऊन टाकलेला असतो. म्हणून ते आता शांत असतं, आणि पाण्यात चटकन विरघळतं. मृगाचा पाऊस पडला की राखेतून ते मातीत उतरतं, भाताच्या कोवळ्या मुळांना मिळतं. पावसाची झड लागलीच, तर उरलेलं उतारावरून ओढ्याला लागतं आणि पुढे गुंजवणी नदीत जातं.