घाट काय पळून चाललाय?

"दादा, त्योच घाट कितींदा काढताय? घाट काय पळून चाललाय व्हय?"

मेणवलीच्या घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींनी हे विचारलं, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र स्कूटरवर मागे बसून वाईपर्यंत आला आणि घरी मुक्कामालाच राहिला.

मेणवलीची ओळख करून द्यायची गरज नाही. नाना फडणविसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा आणलेली पोर्तुगीज घंटा, हे सारं सहलीला आलेल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 'स्वदेस' पाहिलेल्यांना घाटही ठाऊक आहे. मी मात्र तिथे जातो तो फक्त कृष्णेसाठी. चंद्रकोरीसारखा वळलेला काळ्या दगडाचा घाट आणि त्याला टेकून जाणारं पाणी. देवळाजवळच्या एका पायरीवर उभं राहून दर पंधरवड्याला एक फोटो, असा तीन वर्षांचा नेम आहे. सहा ऋतूंचे सहा फोटो एकाच चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावायचे, एवढाच बेत होता.

ऋतू हा शब्द मला पहिल्यापासून प्रिय, आणि हंगाम हा शब्द थोडा बाजारू वाटायचा. एक संस्कृतातला, दुसरा फारसीतून आलेला. पण माझी तक्रार कुळाची नव्हती. ऋतू आपला आपण येतो. हंगामाला माणूस लागतो. आंब्याचा हंगाम, लग्नांचा हंगाम, कारखान्याचा गाळप हंगाम. शिशिर संपला म्हणून कुणी हिशेब मिटवायला बसत नाही. गाळप संपलं की सगळे बसतात. मी ऋतूंचे फोटो काढत होतो आणि हंगामाला चौकटीबाहेर ठेवत होतो. पंपाचा पाइप दिसला तर दोन पावलं डावीकडे सरकायचो. पलीकडून उसाची ट्रॉली जात असली तर ती जाईपर्यंत थांबायचो.

मावशींच्या प्रश्नानंतर एका रात्री सगळे फोटो तारखेप्रमाणे लावले, आणि माझे ऋतूच चुकले. ऐन आषाढातला एक फोटो घ्या. आभाळ खाली उतरलेलं, समोरचा काठ दिसत नाही इतका पाऊस, आणि नदी मात्र खालच्या पायऱ्या उघड्या टाकून अंग चोरून वाहते आहे. उलट मार्चमधल्या एका फोटोत, हळद शिजवण्याच्या दिवसांत, पाणी दोन पायऱ्या वर चढलेलं. आणि ज्या दिवशी घाट जवळजवळ बुडाला होता, त्या फोटोत लख्ख ऊन आहे. माझी सावलीसुद्धा पडली आहे त्यात.

याचं कारण वरच्या अंगाला काही किलोमीटरवर उभं आहे. धोम धरण, साठा साडेतेरा टीएमसी. महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा तो आधी धरण भरतो. मेणवलीला तोवर ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी तेवढं पोचतं. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात, मग इथे ऊन असो की पाऊस, पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात कालव्याला आवर्तन सुटतं, कधी नदीपात्रातही पाणी सोडतात, तेव्हा भर चैत्रात कृष्णाबाई अंगाने भरते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर क्युसेकचेच आकडे असतात. पण फोटो काढताना ते मी दारात चपलेसारखं काढून ठेवत होतो.

एका मित्राला हे सांगितलं. तो भारी कॅमेरे बाळगतो आणि पहाटे चारला उठतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणं अवघड. तो म्हणाला, "पाणी किती आहे याच्याशी तुला काय करायचंय? विषय प्रकाश आहे. मोनेने नदीकाठची तीच ती झाडं पुन्हापुन्हा का रंगवली?"

मोनेचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, असा त्याचा अनुभव असावा. दुर्दैवाने त्या झाडांची गोष्ट मला माहीत होती. १८९१ साली क्लोद मोने जिव्हर्नीजवळ एप्त नदीकाठची पॉपलरची रांग रंगवत होता. कधी होडीत बसून, कधी वाऱ्यात, कधी संध्याकाळी. अर्धं काम झालं आणि गावाने झाडं लिलावात काढली. ती झाडं लाकडासाठीच लावलेली, तोडणीला आलेली. मोनेने लाकूड व्यापाऱ्याला गाठलं, पदरचे पैसे घातले आणि चित्रं पुरी होईपर्यंत कुऱ्हाड थांबवली. म्हणजे ज्या चित्रांकडे बघून आपण वसंत-शरद म्हणत माना डोलावतो, त्यांतली झाडं हे एक पीक होतं. आपल्याकडे उसाला तोड येते तशी त्यांना तोड आली होती. मोनेने प्रकाश रंगवला, कबूल. पण त्यासाठी हंगाम विकत घेऊन पुढे ढकलावा लागला.

मित्राने विषय बदलला. जाता जाता मात्र म्हणाला, "निदान एका जागी तरी उभा राहत जा. तुझ्या फोटोंत घाट दर वेळी वेगळा दिसतो." हे त्याचं खरं होतं, आणि मला ते जरा लागलं. पाइप टाळायला मी सरकत होतो ना! तीन वर्षांचे फोटो असूनही पायऱ्या मोजून पाणी नेमकं किती चढलं-उतरलं हे मला सांगता येईना.

आणि पायऱ्या मोजता मोजताच घाटाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं मी त्याला निसर्गाची काळी चौकट समजत होतो. पण घाट म्हणजे काय? पाणी आज इथे आहे, उद्या तिथे असेल, आणि दोन्ही वेळा माणसाला कळशी भरता आली पाहिजे, एवढ्यासाठी अठराव्या शतकात कुणीतरी दगड घडवून रचले. नदी एका पातळीवर राहिली असती तर एक ओटा पुरला असता. ज्या वस्तूला टेकून मी शुद्ध ऋतू टिपत होतो, तीच मुळात वापराची, म्हणजे हंगामाच्या बाजूची. पंपाचा पाइप तरी वेगळं काय करतो? पाणी जिथे असेल तिथवर खाली उतरतो. मी वगळत आलो तो घाटाचा धाकटा भाऊच निघाला. दिसायला कुरूप आहे, हे अजूनही म्हणतो.

सहा फोटोंची चौकट करायला टाकली होती, ती रद्द केली. आगाऊ दिलेले पैसे सुताराने परत केले नाहीत. त्याचंही बरोबर आहे.

पुढच्या खेपेला मावशींना मीच विचारलं, "पाणी कधी येणार?" त्यांनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बुधवारी सोडणार म्हणत्यात. गोधड्या तवाच आणीन. हितल्या पाण्यात निघत न्हाईत."

बुधवारी गेलो. पाइप चौकटीत घेतला, गोधड्यांचा ढीग घेतला, ऊन डोक्यावर होतं तेही तसंच घेतलं. पाणी हळूहळू वर येत होतं. मावशींनी ओल्या हाताने एका पायरीवर थाप मारली. "सांजच्याला हितवर येतंय बघा."

माझी पिशवी त्याच पायरीवर होती. ती उचलून दोन पायऱ्या वर ठेवली.